हिरव्या पेनावरच्या खाचा

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात मी वहीच्या मागच्या पानावर हत्यारांची यादी केली. त्याआधी माझ्या हातून दोन जुनी शाईची पेनं सुधारली होती. एक माझंच, नोकरी लागली तेव्हा घेतलेलं, आणि दुसरं गावातल्या एका म्हाताऱ्या तलाठ्याचं. दोन्ही नुसत्या कोमट पाण्याने चालू झाली. पण म्हसावदमध्ये बातमी फिरायला वेळ लागत नाही. दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर सात पेनं येऊन पडली आणि ती कोमट पाण्याला दाद देईनात.

शहाद्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काचेच्या नळ्या तापवून वाकवणं, अडकलेल्या तोट्या सोडवणं, थेंब थेंब मोजणं हे माझ्या हातांना पाठ होतं. म्हणून हे काम आपलंच आहे असं मला वाटलं. यादीही मी मोठ्या थाटात केली. डोळ्याला लावायचं भिंग शहाद्याच्या घड्याळजीकडून आणलं. तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा मेडिकलमधून घेतला. त्याने निबातून पाणी जोरात मारता येतं. पक्कड यजमानांच्या मोटारीच्या पेटीतली, फक्त तिच्या दातांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, म्हणजे पेनाला ओरखडा येत नाही. निबाच्या चिरेत फिरवायला पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा आणि चकाकी आणायला दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर.

यादीत शेवटी एक वस्तू होती, केस वाळवायचं मशीन. जुन्या पेनाचा निबाकडचा भाग शाई सुकून किंवा लाखेने घट्ट बसलेला असतो आणि तो गरम हवेने सैल होतो. मोबाईलवर मी जे व्हिडिओ बघायचे त्यांत सगळे हेच सांगत. ज्योत वापरू नका, असंही सांगत. पण साठीच्या बाईने केस वाळवायचं मशीन घेतलं तर गल्लीत हसतील असं मला वाटलं आणि मी त्या ओळीवर काट मारली. घरात स्पिरिटचा दिवा होता. कॉलेजात गॅसचे बर्नर आले तेव्हा टाकून द्यायला काढलेल्या दिव्यांतला एक मी घरी आणला होता. ज्योतीची भीती नवशिक्यांना, आपला तर जन्म ज्योतीपुढे गेला, असं मी स्वतःला सांगितलं.

हिरवं पेन आलं ते माझ्या जुन्या सहकाऱ्याचं. ते कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. पंचवीस वर्षं आम्ही दुपारचा चहा एकत्र घेतला असेल. मूळचे सातपुड्यातले, काठी गावाजवळच्या एका पाड्यावरचे. निवृत्त झाल्यावर ते परत तिकडेच राहायला गेले. एका लग्नाला खाली आले तेव्हा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं पेन काढलं आणि वडिलांचं आहे एवढंच म्हणाले. त्यांचे वडील कधी शाळेत गेले नव्हते, हे मला माहीत होतं. मग पेन कशाला, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी पेनाकडेच बघत राहिले.

गडद हिरवं, आत शेवाळासारख्या फिकट लाटा. आतली शाई धरणारी रबराची पिशवी वाळून कडक झाली होती, हलवलं की खडखडायची. अंगावर एका बाजूला आडव्या बारीक खाचा होत्या, एकाखाली एक. कुणीतरी निष्काळजीपणे चाकूजवळ ठेवलं असेल असं मला वाटलं. पॉलिश पेपरने निघतील, असं मी मनात ठरवूनही टाकलं. खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायची माझी सवय होती, म्हणजे भाग परत बसवताना चूक होत नाही. तसे आठ-दहा फोटो काढले आणि दिवा लावला.

दुपारचे तीन वाजले असतील. यजमान अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मी पेन ज्योतीच्या वर, बऱ्याच उंचावर धरून सावकाश फिरवत होते. कापराचा वास आला. मला तो आवडला. देवघरात गेल्यासारखं वाटलं. पेन आणखी थोडं खाली घेतलं.

मग हातात पेन नव्हतं, आग होती. पेटलं, वाढलं असं काही झालं नाही. फस्स असा आवाज आणि वीतभर पिवळी ज्योत. मी फुंकर मारली, ती विझली नाही. हातातून टाकलं तर टेबलावरच्या मेणकापडावर ते जळत फिरलं. पाण्याचा तांब्या मी त्यावर ओतला तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं. काळी राख, धातूची क्लिप, टोपणाची कडी आणि निब. दहा सेकंद झाले असतील की नाही, सांगता येत नाही.

यजमान धावत आत आले. "काय जळनं वं?" त्यांनी विचारलं. "हात दखाड," म्हणाले. दोन बोटांना फोड येत होते. मला ते जाणवतच नव्हते.

मी हादरले होते, पण आगीने नाही. मला हे सगळं माहीत होतं. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आमचे सर एक प्रयोग दाखवायचे. त्याची तयारी मी करायचे. कापूस आम्लांत बुडवून, धुऊन, वाळवून मी ठेवायचे. सर त्याला तापलेली सळई लावत. कापूस डोळ्यांदेखत भक्कन नाहीसा होई आणि मुलं ओरडत. मग सर सांगत की याच जातीच्या पदार्थात कापूर मिसळून सेल्युलॉइड होतं, त्याच्या जुन्या काळी बाहुल्या होत, सिनेमाच्या फिती होत, पेनं होत. मी ओलं फडकं घेऊन त्यांच्या मागे उभी असायचे. तीस वर्षं हे वाक्य मी ऐकलं. तो कापराचा वास म्हणजे पेन मला सांगत होतं की ते कशाचं आहे, आणि मला देवघर आठवलं.

दोन दिवस मी पेनांच्या टेबलाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी जे केलं ते आगीपेक्षा वाईट होतं. मोबाईलवर मी जुनी पेनं विकणाऱ्यांचे फोटो शोधायला लागले. माझ्याकडचे फोटो शेजारी ठेवून रंग जुळवत गेले. आठवड्याभरात हुबेहूब सापडलं, तोच हिरवा, त्याच लाटा. मागवलं. ते आलं तेव्हा त्याच्या अंगावर खाचा नव्हत्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरंच झालं, पॉलिश केलं म्हणून सांगता येईल. आपल्या डोक्यात एवढं तयार खोटं कुठून आलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यासाठी मला विचारसुद्धा करावा लागला नव्हता.

यजमानांनी नवं पेन बघितलं आणि ओळखलं. "जे व्हयनं ते सांगी दे," एवढंच म्हणाले, आणि शेतात निघून गेले.

मी पर्समध्ये दोन्ही ठेवलं. नवं पेन एका डबीत, आणि जळकं निब, क्लिप, कडी एका छोट्या बाटलीत. काय द्यायचं ते तिथे गेल्यावर बघू. सकाळच्या एसटीने तळोद्यावरून अक्कलकुवा गाठलं आणि तिथून मोलगीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. बाजाराचा दिवस होता. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडीची टोपली होती. घाटात वळणं लागली तशी मी एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून बसले.

भाऊ रस्त्यावर घ्यायला आले होते. घर टेकडीच्या उतारावर, कुडाच्या भिंती नव्याने सारवलेल्या. घरात त्यांची मोठी बहीण होती, सत्तरीच्या पुढची. नवरा गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं आणि मला भिली येत नव्हती, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि तिने चहा ठेवला.

भाऊ माझ्यासमोर खाटेवर बसले. मी पर्स उघडली. माझा हात डबीवर गेला, बाटलीवर नाही. मी डबी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पेन बाहेर काढलं. डोळ्यांनी बघितलंच नाही. मुठीत धरलं आणि अंगठा त्याच्या अंगावरून वरून खाली नेला. मग परत वर. मग पेन थोडं फिरवून पुन्हा. अंगठा काहीतरी शोधत होता आणि त्याला ते मिळत नव्हतं. मी तो अंगठा बघत होते आणि तोंडातून निघून गेलं, "पॉलिश केलं आहे, भाऊ."

त्यांनी मान वर केली. "पुसून टाकल्या?" त्यांनी विचारलं.

आवाज चढला नव्हता. पण पंचवीस वर्षांत मी त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणसाचा होतो तसा. त्या क्षणी मला कळलं की मी निवडलेलं खोटं खऱ्यापेक्षा भयंकर होतं. पेन अपघाताने जळालं, यात निदान अपघात होता. खाचा पुसून टाकल्या म्हणजे मी बसून, मन लावून, त्यांच्या वडिलांचं काहीतरी घासून काढलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. दिवा, कापराचा वास, ते दहा सेकंद, मोबाईलवर शोधलेलं दुसरं पेन. बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. बोलताना मी रडले नाही. बहिणीने आणून ठेवलेला चहा तसाच निवला.

भाऊंनी बाटलीतलं निब तळहातावर घेतलं. मग माझ्या बोटांकडे बघून भाजलं का, असं विचारलं. मी म्हटलं, बरं झालं आता.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं चहा पिताना कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना अर्ज करायचे असत. जमिनीचा तुकडा नावावर व्हावा म्हणून, विहिरीसाठी, पाड्यापर्यंत रस्ता यावा म्हणून, पाड्यावर शाळा निघावी म्हणून. लिहिता येत नसे, पण लिहून देणारे बाजारात भेटत. अडचण एकच व्हायची. ज्याला विचारावं तो म्हणे, पेन नाही, नंतर ये. आठ-दहा वेळा असं झाल्यावर वडिलांनी एका बाजाराला दोन टोपल्या मोहाची फुलं देऊन हे पेन घेतलं. तेव्हापासून ते कायम अंगरख्याच्या खिशात असे. लिहिणारा भेटला की पेन काढून पुढे करायचे, म्हणजे त्याला सबब उरत नसे. अर्ज दिला की घरी येऊन विळ्याच्या टोकाने पेनावर एक खाच पाडायची. शेवटच्या दिवसांत वडील खाटेवर पडून त्या खाचांवरून अंगठा फिरवत. तेच बघून मुलालाही सवय लागली होती.

"नऊ अर्ज होते," भाऊ म्हणाले. "प्रत्येकाची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती."

मला फोटो आठवले. ते पुरावा असल्यासारखे मी मोबाईलमध्ये दाबून ठेवले होते. मी फोन काढला, खाचांच्या बाजूचा फोटो मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. नऊवर थांबले नाहीत. परत पहिल्यापासून मोजलं. मग फोन मला दिला आणि म्हणाले, "तुम्ही मोजा."

मी मोजल्या. चौदा भरल्या.

आम्ही तिसऱ्यांदा एकत्र मोजलं. तरी चौदाच. टोपणाजवळच्या पाच खाचा इतर नऊंपेक्षा उथळ होत्या, घासून गेलेल्या. त्या जुन्या, पहिल्या होत्या. भाऊ फोन घेऊन दाराच्या उजेडात जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं रोज अंगठा फिरवला, पण आकडा माहीत आहे म्हणून कधी मोजलं नाही, असं ते माझ्याकडे पाठ करून म्हणाले. त्यांनी बहिणीला विचारलं. तिने मान हलवली. तिलाही काही माहीत नव्हतं.

निघताना त्यांनी नवं पेन परत दिलं आणि जळकं निब ठेवून घेतलं. फोटोची मोठी प्रत काढून पाठवा म्हणाले. जीपपर्यंत सोडायला आले. माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी गरम हवेचं मशीन मागवलं. गल्लीत कुणी हसलं नाही. नवं पेन आलं की आधी त्याच्या मालकाला बसवून विचारते, यावरचं काय काढायचं आणि काय ठेवायचं. लोकांना गंमत वाटते, पण सांगतात. एका बाईने टोपणावरच्या दातांच्या खुणा ठेवायला सांगितल्या.

सहा-सात महिने गेले. एका दुपारी भाऊंचा फोन आला. त्यांनी त्या पाच अर्जांचा शोध सोडला नव्हता. निवृत्त माणूस, वेळ भरपूर आणि गठ्ठ्यांतून कागद शोधायची ग्रंथालयातली सवय. कचेऱ्यांमधून हिंडून, ओळखीपाळखी काढून त्यांना एक सापडला होता. बाकी चार मिळाले नाहीत, मिळतील असंही वाटत नाही, म्हणाले. पण हा एक तुम्ही येऊन बघा.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. या वेळी यजमानही सोबत आले.

झेरॉक्स होती. मूळ कागद द्यायला नकार मिळाला होता. कुणा अनोळखी माणसाचं सुबक, तिरकं अक्षर, खाली अंगठ्याचा ठसा. पाड्यावर शाळा काढावी, अशी विनंती. शाळा निघाली तर कोणती मुलं येतील त्यांची यादी जोडली होती. सात नावं. सगळ्यात वरचं नाव मुलीचं होतं, पुढे वय लिहिलं होतं, सात वर्षं.

ते नाव त्यांच्या बहिणीचं होतं.

भाऊंचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मला म्हणाले, "मी आयुष्यभर समजत होतो की त्यांनी शाळेचा ध्यास घेतला तो माझ्यासाठी." शाळा आली तेव्हा बहीण सोळा वर्षांची होती, लग्न होऊन दुसऱ्या पाड्यावर गेलेली. शाळेत पाठवणं सोडा, शाळेचं नाव काढून तिच्याशी घरात कुणी बोललं असेल असंही तिला आठवत नव्हतं.

आम्ही येईपर्यंत त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. का, ते मला कळलं नाही. कदाचित एकट्याने सांगायचा धीर झाला नसेल. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला बोलावून त्यांनी समोर बसवलं आणि अर्ज भिलीत करून वाचला. तिचे हात पिठाचे होते. सुरुवातीला ती सरकारी कागद ऐकतात तशी ऐकत होती, अर्धं लक्ष चुलीकडे. तिचं नाव आलं तशी तिने मान वर केली. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या यजमानांकडे बघितलं, जणू आम्ही तिची थट्टा करायला आलो आहोत.

भाऊंनी परत वाचलं. तिसऱ्यांदा तिने फक्त नावाची ओळ वाचायला सांगितली. कागद हातात घेतला नाही, हात पिठाचे आहेत म्हणाली. नुसतं वाकून, ते नाव नक्की कुठे आहे ते विचारलं. भाऊंनी बोट ठेवून दाखवलं. ती ते अक्षर बघत राहिली. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. रडण्याआधी माणूस जिथे असतो, तिथेच ती थांबून राहिली होती.

चुलीवरची भाकरी करपायला लागली. माझ्या यजमानांनी उठून ती उलटली.

बऱ्याच वेळाने बहीण भावाला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणतात?

"ती विचारते आहे," भाऊ म्हणाले, "सात वर्षांची मुलगी शाळेत किती वेळ बसते?"

"सकाळी दहा ते संध्याकाळी पाच," मी सांगितलं.

त्यांनी ते तिला सांगितलं. तिने पिठाच्या हातांनी बोटं मोजत मनाशी हिशेब केला. मग ती जे म्हणाली ते भाऊंनी मला सांगितलं, की त्या वयात तेवढ्या वेळात ती बकऱ्या घेऊन वरच्या टेकडीवर जाऊन परत यायची.